प्रवाह भिंत सोडतो तिथे मॉडेलांचा कस

प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवणाऱ्या, म्हणजे सीएफडीच्या, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये संक्षोभाच्या मॉडेलांची एक यादी उघडते : स्पालार्ट-ऑलमारस, के-एप्सिलॉन, के-ओमेगा, एसएसटी, रेनॉल्ड्स स्ट्रेस, डीईएस, लेस. पुण्यात, बेंगळुरूत, चेन्नईत कितीतरी तरुण अभियंते रोज त्यातल्या एका नावावर क्लिक करतात. निवड बहुतेक वेळा आधीच्या प्रकल्पात जे वापरलं होतं त्याचीच होते. पंपाची पाती असोत, मोटारीचं छत असो की विमानाचा पंख, पृष्ठभागाला लागून हवेचा किंवा पाण्याचा एक पातळ थर वाहत असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. तो कसा वागेल हे संगणकाच्या दृष्टीने त्या एका क्लिकने ठरतं. घर्षण किती होईल, प्रवाह पृष्ठभागाला धरून राहील की सुटेल, पंख किती कोनापर्यंत उचल देईल, हे सगळं पुढे त्यावरच अवलंबून असतं.

या यादीतलं सर्वांत चांगलं मॉडेल कोणतं, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचं उत्तर शोधण्यासाठी गेल्या साठ वर्षांत मोठ्या परिषदा भरल्या, मोजमापांचे जाड खंड निघाले, महासंगणक राबले. तो सगळा इतिहास पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की प्रश्न या रूपात विचारला तर उत्तर येतच नाही. प्रवाह कोणता, त्यातली कोणती राशी हवी आहे आणि ती कशाशी ताडून पाहायची, हे आधी सांगावं लागतं. आणि ताडून पाहायची जागा सपाट, सरळ, सोपी असेल तर जवळजवळ सगळीच मॉडेलं उत्तीर्ण होतात. फरक कळतो तो प्रवाह भिंत सोडतो तिथे.

मुळात मॉडेल लागतंच का? १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांट्ल या एकोणतीस वर्षांच्या प्राध्यापकाने एक छोटासा निबंध वाचला. हवा-पाण्यासारख्या प्रवाही पदार्थांत श्यानतेचा परिणाम पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरता असतो, बाहेरचा प्रवाह घर्षण नसल्यासारखाच धरता येतो, असं त्याने दाखवलं. त्याच निबंधात प्रवाह सुटण्याचं कारणही आहे. पुढे दाब वाढत गेला की भिंतीजवळच्या मंद झालेल्या द्रवापाशी त्याला तोंड देण्याइतका वेग उरत नाही. तो थांबतो, उलटा फिरतो आणि मागून येणारा थर पृष्ठभागापासून उचलला जातो.

हा थर संक्षुब्ध (टर्ब्युलंट), म्हणजे भोवऱ्यांनी भरलेला, झाला की गणित अवघड होतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून प्रवाह कसा बिघडतो ते पाहिलं होतं. १८९५ मध्ये त्याने वेगाचे दोन भाग केले, एक सरासरी आणि दुसरा तिच्याभोवतीचा चढउतार. सरासरीची समीकरणं लिहिली की त्यांत चढउतारांच्या गुणाकारांची सरासरी शिल्लक राहते. ती नवी अज्ञातं असतात. त्यांची समीकरणं लिहिली तर त्यांतून आणखी अज्ञातं निघतात, आणि अज्ञातांची संख्या समीकरणांच्या नेहमीच पुढे राहते. कुठेतरी थांबून अनुभवाच्या आधारे एक संबंध गृहीत धरावाच लागतो. तो गृहीत संबंध म्हणजे टर्ब्युलन्स मॉडेल. बहुतेक मॉडेलांच्या मुळाशी बुसिनेस्कची १८७७ सालची कल्पना आहे : भोवरे संवेगाची जी देवाणघेवाण करतात ती जणू एका वाढीव श्यानतेमुळे होते असं मानायचं. प्रांट्लने १९२५ मध्ये ही वाढीव श्यानता मिश्रण-लांबीवरून काढली. भिंतीपासूनचं अंतर दुप्पट, तर मिश्रण-लांबीही दुप्पट, इतका साधा नियम.

तो साधा असूनही इतका टिकला, कारण भिंतीजवळचा प्रवाह खरोखरच शिस्तीचा असतो. भिंतीला अगदी खेटून श्यानतेचं राज्य चालतं. भिंतीच्या मापात, ज्याला सगळे वाय-प्लस म्हणतात, पाचपर्यंत वेग अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतो. तीसच्या पुढे तो अंतराच्या लॉगरिदमने वाढतो. फॉन कारमानने १९३० मध्ये मांडलेला हा नियम नळीत, वाहिनीत, पंखावर, सगळीकडे थोड्याफार फरकाने दिसतो. त्यातला स्थिरांक ०.४१ धरायचा की ०.३८ च्या आसपास, यावर मोजमाप करणाऱ्यांचे मतभेद या शतकातही झाले आहेत. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं वाटेल. पण प्रयोगशाळेतल्या मापावरून विमानाच्या मापाचं घर्षण काढायला गेलं की तो फरक वाढत जातो.

मॉडेलांची पहिली मोठी जाहीर परीक्षा १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. स्टीफन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोजलेल्या या परिषदेसाठी कोल्स आणि हर्स्ट यांनी जगभरातली विश्वसनीय मोजमापं निवडून, तपासून एका खंडात मांडली. स्पर्धकांनी आपापल्या पद्धतीने तेच प्रवाह सोडवायचे होते. एका परीक्षक समितीने उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्या वेळी बहुतेकांना सीमास्तराची जाडी आणि घर्षण यांसारख्या एकत्रित राशींची साधी समीकरणं पुरेशी वाटत. पण थरातल्या प्रत्येक बिंदूवर समीकरण सोडवणाऱ्या पद्धती, उदाहरणार्थ पीटर ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, त्यांच्या तोडीस तोड ठरल्या आणि पुढची दिशा तिथेच ठरली. मला या परिषदेचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. आपलं मॉडेल आपणच निवडलेल्या आलेखावर जुळवून दाखवण्याची सवय तिने मोडली. सामायिक मोजमापं, सामायिक प्रश्न, आणि निवाडा दुसऱ्याच्या हाती. १९८०-८१ मध्ये स्टॅनफर्डलाच अधिक गुंतागुंतीच्या प्रवाहांची परीक्षा झाली, तेव्हा सगळ्या प्रवाहांना चालेल असं एकही मॉडेल सापडलं नाही.

दरम्यान इंपीरियल कॉलेजमध्ये लाँडर, जोन्स, स्पॉल्डिंग यांच्या कामातून के-एप्सिलॉन उभं राहिलं. संक्षोभाची ऊर्जा आणि ती विरण्याचा दर, अशी दोन समीकरणं. १९७४ नंतर उद्योगात त्याचा इतका प्रसार झाला की टर्ब्युलन्स मॉडेल म्हणजे के-एप्सिलॉनच असं कितीतरी वर्षं समजलं गेलं. नळ्या, भट्ट्या, मिश्रणाच्या टाक्या यांत ते चांगलं चालतं. भिंतीजवळ मात्र त्याला आधार द्यावा लागतो. एक तर वॉल फंक्शन, म्हणजे लॉग नियमावर आधारलेलं तयार सूत्र, लावून गणिताच्या जाळीचा पहिला बिंदू लॉग नियमाच्या भागात ठेवायचा, नाहीतर समीकरणांत भिंतीपाशी मंदावणारे गुणक घालायचे. अशा गुणकांच्या आठ आवृत्त्या पटेल, रोडी आणि शॉयरर यांनी १९८५ मध्ये एकत्र तपासल्या. त्यांतल्या निम्म्याच जेमतेम समाधानकारक निघाल्या. काही तर सपाट पट्टीवरच्या मोजमापांशीही नीट जुळेनात. इतकी वर्षं छापून येत असलेल्या मॉडेलांना कुणी एका रांगेत उभं करून पाहिलंच नव्हतं, हे त्या निबंधामुळे उघड झालं.

के-एप्सिलॉनचा खरा दोष वाढत्या दाबात दिसतो. ते भिंतीजवळ भोवऱ्यांचं माप फार मोठं धरतं, म्हणून संक्षोभ जास्त दाखवतं आणि प्रवाह सुटायला हवा तिथे त्याला चिकटवून ठेवतं. पंखाची रचना करणाऱ्यासाठी ही चूक धोक्याच्या बाजूची आहे, कारण पंख उचल गमावणार (स्टॉल होणार) असताना संगणक तो ठीक आहे असं सांगतो. विल्कॉक्सचं १९८८ सालचं के-ओमेगा भिंतीजवळ याहून बरंच चांगलं, पण बाहेरच्या मुक्त प्रवाहात ओमेगाची, म्हणजे ऊर्जा विरण्याच्या वारंवारतेची, किंमत काय ठेवली यावर त्याचं उत्तर हलतं. फ्लोरियान मेंटरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्हींचा मिलाफ केला, भिंतीजवळ के-ओमेगा आणि दूर के-एप्सिलॉन. शिवाय वाढत्या दाबात संक्षोभाचं कर्तन प्रतिबल संक्षोभाच्या ऊर्जेच्या ठरावीक हिश्श्याच्या, सुमारे ०.३ च्या, वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. हा हिस्सा ब्रॅडशॉच्या जुन्या निरीक्षणातून आला. हेच एसएसटी. साधारण त्याच सुमारास, १९९२ मध्ये, बोइंगच्या फिलिप स्पालार्ट आणि स्टीव्हन ऑलमारस यांनी एकाच समीकरणाचं मॉडेल खास विमानांसाठी रचलं. ही दोन मॉडेलं विमानक्षेत्रात आजही सर्वाधिक वापरली जातात. चढउतारांच्या गुणाकारांच्या सरासरीतून येणाऱ्या प्रत्येक प्रतिबलाचं स्वतंत्र समीकरण सोडवणारी रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेलं तत्त्वतः श्रेष्ठ आहेत. वळणाऱ्या आणि गरगरणाऱ्या प्रवाहात ती उपयोगीही पडतात, पण साध्या सीमास्तरात त्यांच्या वाढीव खर्चाइतका लाभ क्वचितच मिळतो.

आता परीक्षेकडे येऊ. नासाच्या लँगली केंद्राने मॉडेलांची नेमकी समीकरणं आणि पडताळणीची उदाहरणं जाहीर ठेवली आहेत. त्यातलं पहिलं उदाहरण सपाट पट्टीचं. तिथे स्पालार्ट-ऑलमारस (एसए) आणि एसएसटी दोन्हींचं घर्षण मोजमापाशी छान जुळतं. याने भारावून जाण्याचं कारण नाही. या मॉडेलांचे स्थिरांक सपाट पट्टीवर आणि लॉग नियमावर बसवूनच ठरवलेले असतात. ज्या धड्यावरून शिकवलं त्याच धड्यावर प्रश्न विचारला तर पैकीच्या पैकी गुण मिळणारच. सपाट पट्टीचा उपयोग एवढाच की आपल्या सॉफ्टवेअरमध्ये समीकरण बरोबर लिहिलं आहे का, जाळी पुरेशी बारीक आहे का, पहिला बिंदू वाय-प्लस एकच्या आसपास आहे का, हे तपासता येतं. तेवढं न करता पुढे जाणाऱ्याच्या तुलनेवर मी विश्वास ठेवत नाही, कारण त्याने मोजलेला फरक मॉडेलांचा असेल की जाळीचा, हे सांगता येत नाही.

त्याच संग्रहातलं दुसरं उदाहरण भिंतीवरच्या उंचवट्याचं आहे. उंचवट्यावरून वाहताना प्रवाह मागच्या उतारावर सुटतो आणि पुढे पुन्हा भिंतीला चिकटतो. मध्ये उलट वाहणाऱ्या द्रवाचा बुडबुडा तयार होतो. उंचवट्याची लांबी एक धरली तर प्रयोगात प्रवाह साधारण ०.६६५ वर सुटतो आणि १.१० वर परत चिकटतो. सरासरीवर आधारलेली मॉडेलं, ज्यांना रान्स म्हणतात, सुटण्याची जागा बऱ्यापैकी बरोबर सांगतात. पण चिकटण्याची जागा ती १.२५ च्या आसपास नेतात, म्हणजे बुडबुडा सुमारे एक तृतीयांशाने लांबतो. एसएसटी असो की एसए, चूक एकाच बाजूची आणि साधारण तेवढीच. कारणही सापडलं आहे. सुटलेल्या थरात संक्षोभाचं कर्तन प्रतिबल प्रत्यक्षात जितकं असतं त्याहून ही मॉडेलं ते बरंच कमी सांगतात. वरचा वेगवान द्रव आणि खालचा अडकलेला द्रव यांची सरमिसळ कमी होते आणि प्रवाह भिंतीकडे उशिरा परततो. दोन मॉडेलांची उत्तरं एकमेकांशी जुळली म्हणजे ती बरोबर आहेत, हा समज या उदाहरणाने खोडला आहे. उद्योगात तो समज अजून आहे, आणि अहवालात दोन आलेख एकावर एक बसलेले दाखवून निर्णय घेतले जातात, याची मला खरोखर काळजी वाटते.

मग निवाडा करायला डीएनएस, म्हणजे मूळ समीकरणांची थेट सोडवणूक, आहे ना? तिथे मॉडेल नसतं, सर्वांत लहान भोवऱ्यापर्यंत सगळं सोडवलं जातं. किम, मोइन आणि मोझर यांनी १९८७ मध्ये वाहिनीतला प्रवाह सुमारे चाळीस लाख बिंदूंवर सोडवला. १९८८ मध्ये स्पालार्टने सपाट पट्टीवरचा संक्षुब्ध सीमास्तर सोडवला. २०१५ मध्ये ली आणि मोझर यांनी वाहिनीसाठी १२ हजार कोटींहून अधिक बिंदू वापरले. अठ्ठावीस वर्षांत बिंदू तीस हजार पटींनी वाढले, पण भिंतीच्या मापातला रेनॉल्ड्स अंक (श्यानतेच्या तुलनेत जडत्व किती, हे सांगणारा) १८० वरून साधारण ५,२०० पर्यंत, म्हणजे तीसपटीच्या आतच राहिला.

वाहिनीचा एक फायदा असतो. बाहेर पडणारा प्रवाह गणिती युक्तीने पुन्हा आत सोडता येतो, त्यामुळे तो किती लांबून आला हा प्रश्न उरत नाही. सीमास्तर मात्र वाढत जातो. त्याला आरंभ लागतो, आणि तो आरंभ कुणीतरी कृत्रिमरीत्या द्यावा लागतो. स्टॉकहोमच्या श्लाटर आणि ओर्लू यांनी २०१० मध्ये वेगवेगळ्या गटांच्या सपाट पट्टीवरच्या डीएनएसची आकडेवारी एकत्र ठेवली, तेव्हा घर्षण आणि सीमास्तराचा आकार दर्शवणारा गुणक यांसारख्या अगदी मूलभूत राशीही जुळेनात. समीकरणं तीच, मॉडेल कुठेच नाही, तरी फरक. दोन वर्षांनी त्यांनी कारण दाखवलं. प्रवाह कुठे आणि कसा संक्षुब्ध केला याची आठवण थरात खूप लांबपर्यंत टिकते. संक्रमण पुरेसं लवकर घडवलं, तरी संवेग-जाडीवर मोजलेला रेनॉल्ड्स अंक सुमारे २,००० होईपर्यंत बाहेरच्या भागाची तुलना विश्वासाची नसते. म्हणजे कित्येक गटांनी ज्या मर्यादेत मोठ्या कष्टाने मोजणी केली, ती मर्यादाच अजून आरंभाच्या सावटाखाली होती. वाढत्या दाबाच्या थरांत ही आठवण आणखी लांबते, कारण एखाद्या जागेवरचा दाब सारखा असला तरी मागे दाब कसा वाढत आला यावर तिथलं वर्तन ठरतं. या सगळ्या आढाव्यात मला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मॉडेल तपासण्यासाठी जी मोजपट्टी घ्यायची, तिच्या सुरुवातीची हकिकत माहीत नसेल तर तपासणीला अर्थ नाही. प्रयोगालाही हेच लागू आहे. बोगद्याच्या भिंती, प्रवाह संक्षुब्ध करण्यासाठी पट्टीच्या कडेला चिकटवलेली तार किंवा वाळूचा पट्टा, बाहेरच्या प्रवाहातला गोंधळ, हे सगळं नोंदलेलं नसेल तर ते मोजमाप तुलनेला निकामी ठरतं.

पूर्ण विमान डीएनएसने सोडवणं आपल्या हयातीतलं काम नाही. स्पालार्टने २००० साली अंदाज बांधला होता की पूर्ण पंखासाठी लेस, म्हणजे फक्त मोठे भोवरे सोडवणारी पद्धत, २०४५ च्या सुमारास आणि डीएनएस २०८० च्या सुमारास शक्य होईल. चोई आणि मोइन यांनी २०१२ मध्ये खर्चाचं गणित नव्याने मांडलं. रेनॉल्ड्स अंक दहापट झाला की भिंतीपर्यंत सगळं सोडवणाऱ्या लेसचे बिंदू साधारण सत्तर पटींनी वाढतात, डीएनएसचे चारशेहून अधिक पटींनी, आणि भिंतीजवळ मॉडेल लावणाऱ्या लेसचे फक्त दहा पटींनी. या आकड्यांतच आजची दिशा आहे : मोठे भोवरे सोडवायचे आणि भिंतीजवळचा पातळ भाग मॉडेलवर सोपवायचा. १९९७ मध्ये स्पालार्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं डीईएस याच विचाराचं. पण त्यात एक अनपेक्षित सापळा निघाला. जाळी भिंतीच्या दिशेने नव्हे, तर भिंतीला समांतर दिशेने बारीक केली की मॉडेल आपलं काम सीमास्तराच्या आतच सोडून देतं. बारीक जाळीवरचे भोवरे अजून जन्मलेले नसतात, संक्षोभाचा हिशेब मधेच गळतो, आणि जिथे प्रवाह सुटायला नको तिथे तो सुटतो. जाळी सुधारली की उत्तर सुधारतं हा आपला पायाच इथे हलतो. २००६ च्या सुधारित आवृत्तीने हे बऱ्याच अंशी आवरलं. भिंतीच्या मॉडेलापासून सोडवलेल्या भोवऱ्यांकडे जाताना लॉग नियमाचे दोन तुकडे एकमेकांना न जुळण्याचा दोष मात्र बराच काळ त्रास देत राहिला. त्यामुळे घर्षण पंधरा टक्क्यांपर्यंत कमी यायचं.

हा प्रश्न विमानापुरता नाही. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये आलेल्या प्रत्यूष महासंगणकावर चाललेल्या हवामान मॉडेलांतही जमिनीलगतचा सीमास्तर मॉडेलानेच भरावा लागतो, कारण जाळीचा एक चौकोन किलोमीटरांच्या मापाचा आणि थराची उंची सामान्यतः एक-दोन किलोमीटर. तिथे सपाट पट्टी नाहीच, ओली-कोरडी, तापती-थंडावणारी जमीन आहे. तो आढावा स्वतंत्रच व्हायला हवा.

गेल्या दहा वर्षांत यंत्र-शिक्षणाने मॉडेल सुधारण्याचा जोरात प्रयत्न झाला. डीएनएसची आकडेवारी शिकवून उंचवट्यामागचा बुडबुडा बरोबर लांबीचा करता येतो, हे अनेकांनी दाखवलं. नासाने २०२२ मध्ये या विषयावर परिसंवाद भरवला, तेव्हा अट अशी ठेवली की एकच सुधारित मॉडेल सपाट पट्टीवर, वाहिनीत, जेटमध्ये, उंचवट्यावर आणि पंखाच्या छेदावर चालवून दाखवायचं. ही अट मला फार योग्य वाटते. उंचवट्यासाठी शिकलेलं मॉडेल सपाट पट्टीवर लॉग नियमच विसरलं, असा अनुभव वारंवार येतो. आणि लॉग नियम विसरणारं मॉडेल बुडबुडा कितीही बरोबर काढो, वापरायला घेण्याजोगं नाही.

सध्या सर्वांत जास्त चर्चा आहे ती बोइंगने सुचवलेल्या घंटेच्या आकाराच्या उंचवट्याची. तिथे रान्स मॉडेलं आपसांतही भांडतात. भिंतीजवळ मॉडेल लावलेल्या लेसमध्ये जाळी बारीक करताना उत्तर आधी बिघडतं आणि मग सुधारतं. अलीकडच्या डीएनएसने कारणाचा एक भाग समोर आणला. उंचवट्याच्या चढावर प्रवाह इतक्या वेगाने वाढतो की संक्षोभ जवळजवळ झोपतो, थर अर्धवट स्तरीय, म्हणजे भोवऱ्यांविना थराथराने वाहणारा, होतो. माथा ओलांडताच दाब वाढू लागतो, तेव्हा त्याच्या आत एक नवा, पातळ, संक्षुब्ध थर जन्माला येतो आणि मागच्या उतारावर प्रवाह सुटेल की टिकेल हे तो थर ठरवतो. वेग वाढवत नेलेला संक्षुब्ध सीमास्तर पुन्हा स्तरीय कसा होतो, यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रोद्दम नरसिंह आणि कटेपल्ली श्रीनिवासन यांनी १९७३ मध्येच सिद्धांत मांडला होता. श्यानतेचं राज्य असलेला आतला थर आणि ज्यात संक्षोभ नुसता वाहून नेला जातो असा बाहेरचा थर, असे दोन थर वेगळे धरून त्यांनी मोजमापांशी जुळणारी उत्तरं काढली. आजच्या यादीतल्या बहुतेक मॉडेलांना ही अवस्था माहीतच नाही. त्यांच्या दृष्टीने चढावरचा थर पूर्ण संक्षुब्धच असतो, म्हणून माथ्यावर पोहोचताना त्यांच्या थराची जाडी, वेगाचा आकार आणि भिंतीवरचं घर्षण प्रत्यक्षापेक्षा वेगळं असतं. मागच्या उतारावरची सगळी तुलना त्या चुकीच्या आरंभापासून सुरू होते.